होय, अलिबागहून आलोय

"मी काय अलिबागहून आलोय काय?" हा प्रश्न महाराष्ट्रात कुणीही कुणालाही विचारू शकतो. फक्त आम्हाला विचारता येत नाही, कारण आम्ही खरोखरच अलिबागहून आलेलो असतो. तसे आम्ही रेवदंड्याचे. पण वडखळ नाका ओलांडला की रेवदंडा कुठे आहे हे सांगण्यात चहा गार होतो, म्हणून 'अलिबाग' म्हणून मोकळं व्हायचं आणि समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात उमटलेलं हसू सोसायचं. आमच्याच तालुक्यातले एक गृहस्थ या वाक्प्रचारावर बंदी आणा म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. न्यायमूर्तींचं बरोबरच असेल. पण एमएच झिरो सिक्सची पाटी लावलेली गाडी घेऊन पनवेलच्या टायरवाल्याशी घासाघीस करायची वेळ त्यांच्यावर आलेली नसणार.

माझ्यावर आली. त्याची सुरुवात झाली एका खिळ्यापासून.

अलिबागला १९०४ सालापासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या सुया बिथरायला लागतील, म्हणून ती इकडे शांत जागी आणली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला अलिबाग इतकं सोयीचं आहे याचा आम्हाला अभिमान आहेच. पण महाराष्ट्रातले सगळे खिळे याच तालुक्याकडे ओढले जातात आणि त्यातले निम्मे माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकात शिरतात, असा माझा एक अवैज्ञानिक सिद्धांत आहे. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे विज्ञानाच्या बाबतीत मला थोडी मोकळीक आहे.

तर मे महिन्यात असाच एक खिळा निघाला. नाक्यावरचे अण्णा मूळचे केरळचे, पण पंचवीस वर्षांत त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नेमकं झालंय. आपल्याकडे पंक्चर 'काढतात'. दात काढावा, गळू काढावं, वचपा काढावा, तसंच हे. अण्णांनी पंक्चर काढलं, चिकट वात भोकात खुपसली, वरचा शेंडा ब्लेडने छाटला आणि टायरवरून हात फिरवत म्हणाले, "सर, पंक्चर मी काढलं. पण आता हा टायरच काढा. गोटा झालाय."

मी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. आमच्याकडे टायर झिजत नाही, त्याचा गोटा होतो. अण्णांनी मला वाकायला लावून टायरच्या खाचेत आडवी बसवलेली रबराची बारीक पट्टी दाखवली. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. झिजत झिजत टायर या पट्टीच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की कायद्याच्या दृष्टीनेही तो संपला. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांची पट्टी नक्षीशी एकरूप झाली होती. नक्षी तरी कसली! चौलच्या एखाद्या जुन्या देवळाच्या पायरीवर काहीतरी कोरलेलं होतं म्हणतात, तितपत.

"किती दिवस चालतील?"

"पाऊस येईपर्यंत," अण्णा म्हणाले. "सुक्या रस्त्याला नक्षी लागत नाही सर. नक्षी पाण्यासाठी असते. पाणी खाचांतून बाजूला जातं म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खाच नाही, तर पाण्यावर तरंगायचं. तुमच्या गाडीला वल्हं आहे का?"

माझी गाडी म्हणजे २०१२ची स्विफ्ट डिझायर, दुसऱ्या हाताने घेतलेली. पहिल्या हाताने तिला काय काय दाखवलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. पण टायरांचं जे झालं त्याला मीही जबाबदार आहे आणि मुंबई-गोवा महामार्गही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. म्हणजे रस्ता आणि गाडी एकाच पिढीतले. गाडी म्हातारी झाली, पुढच्या दोन पायांनी अधू झाली. रस्त्याचं मात्र अजून वय वाढतंच आहे, कुठे पुलाला हात फुटतोय, कुठे वळणाला पाय. त्याचं बारसं झालं की आम्हाला कळवतीलच.

पाऊस मृगात येतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर. पगार एक तारखेला. या दोन्हींच्या मधल्या सहा-सात दिवसांत टायर घ्यायचे, असं मी वेळापत्रक आखलं. २०२५च्या पावसाने ते फाडलं. २६ मेलाच तो मुंबईत दाखल. इतक्या लवकर तो नोंदीत कधी आलाच नव्हता, असं हवामान खात्याने सांगितलं. पगाराला अजून सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत मी गाडी फक्त पुसली.

बायको त्याच सुमारास आगोटीच्या यादीला बसली होती. आगोट म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. पाऊस लागण्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची, ती आगोट. आता बारमाही दुकानं उघडी असतात, मोबाईलवर सामान मागवता येतं, तरी आमच्याकडे आगोट भरल्याशिवाय पावसाला परवानगी नसते. त्या वर्षी तो परवानगी न घेता आला म्हणून ती आधीच संतापलेली. वहीत ओळीने लिहिलेलं: तांदूळ, मसाल्याची मिरची, सोडे, जवळा, सुके बोंबील, पांढऱ्या कांद्याच्या माळा चार. आमच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो आमच्याशीसुद्धा तोऱ्याने बोलतो, भावात कमी-जास्त करत नाही. मी घसा खाकरून टायरांचा विषय काढला. तिने काही न बोलता बोंबील आणि कांदा यांच्या मधल्या जागेत लिहिलं: टायर, चार. मग बेरीज केली. मग चार खोडून दोन केले. मग बोंबलाची जुडी एक कमी केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्या पावसाळ्यात मी बोंबलाचं नाव काढलं नाही.

खर्चाचा आकडा ठरला: दहा हजार, त्यात सगळं.

दहा हजारांत काय येतं, याबद्दल रायगड जिल्ह्यात मतभेद नाहीत, मतांचा पूर आहे. कळंबोलीचा मेव्हणा म्हणाला, "भाओजी, नवे कशाला घेताय? कुर्ल्याला जुने मिळतात. सत्तर टक्के टायर निम्म्याहून कमी भावात." सत्तर टक्के म्हणजे पहिला वर्ग, माझा शिक्षकी मेंदू लगेच पाघळला. पण उरलेले तीस टक्के कुणी खर्च केले, कुठल्या खड्ड्यात, कुठल्या अपघातानंतर हे चाक निखळून बाजारात आलं, याची गुणपत्रिका कुणी देत नाही. वरून काळं पॉलिश इतकं झगझगीत मारतात की त्या टायरमध्ये बघून भांग पाडावा. काही ठिकाणी तर गोटा झालेल्या टायरावर गरम पात्याने नव्या खाचा काढतात. म्हणजे जे थोडं रबर उरलं होतं तेच कोरून काढायचं आणि त्याला नक्षी म्हणायचं. आमच्या वर्गात काही मुलं प्रगतिपुस्तकातल्या ३चा ८ करतात, ती हीच कला.

सहशिक्षकांनी रिमोल्डचा पर्याय सांगितला. जुन्या टायरच्या सांगाड्यावर रबराची नवी कातडी चढवायची. यात वाईट काही नाही. एसटी वर्षानुवर्षं हे करत आली आहे. पण ट्रक-बसच्या टायरचा सांगाडा मुळात दोन-तीन जन्मांच्या हिशेबाने बांधलेला असतो. मोटारीचा टायर बिचारा एका जन्माचा धनी. त्याच्याकडून पुनर्जन्माची अपेक्षा करणं मला धर्माच्याही आणि यंत्रशास्त्राच्याही दृष्टीने जड वाटलं.

शेजारच्या नाखव्याचं मत सर्वांत सोपं होतं. "मास्तर, गारी इका." (गारी म्हणजे गाडी आणि इका म्हणजे विका, कोळीवाड्यात शब्दांना फार मोठी कापडं घालत नाहीत.) वाहनापायी बेजार झालेला आमच्या भागातला मी काही पहिला नव्हे, असं त्याला सांगावंसं वाटलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच चौल बंदरात उतरला. त्याला वाटलं, घोडा विकून मालामाल होऊ. जुन्नरला पोचेपर्यंत घोडा पोसता पोसता जीव मेटाकुटीला आला आणि तिथे खानाने तोच घोडा जप्त केला. पुढे परत मिळाला म्हणा. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मी तिथून जाताना त्याच्याकडे एक सहप्रवासी म्हणून पाहतो.

दरम्यान मी अभ्यासाला लागलो होतो. माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती. धाव म्हणजे चाकाला बाहेरून घातलेलं कडं. ते मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, फुगलं की चाकावर चढवायचं आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ते आरे-पाटे-तुंबा सगळं असं आवळून धरतं की पुढे आयुष्यभर काही बघावं लागत नाही. धावेवर एकही आकडा लिहिलेला नसायचा. माझ्या टायरवर मात्र अख्खी प्रश्नपत्रिका छापलेली निघाली.

१६५/८० आर १४ ८५टी. हे वाचून मी अस्वस्थ झालो. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बगलेची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्केवारीत. म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास, तो अचानक इंचांत. ८५ हा भाराचा सांकेतिक क्रमांक, त्याचा अर्थ ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. एका ओळीत मिलिमीटर, टक्के, इंच, किलो आणि किलोमीटर! माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरात दोन एककं मिसळली तर मी अर्धा गुण कापतो. इथे साऱ्या जगातल्या टायर कंपन्यांना नापास करायची वेळ होती. आणि ताशी १९० कुठे? पोयनाड ते पेझारी? त्या पट्ट्यात मी १९ने जातो आणि तरी मागच्या सीटवरून "जरा हळू" येतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वाचता वाचता असं कळलं की मोटारीचा एक टायर कुठल्याही क्षणी रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढाच. चार चाकं म्हणजे चार तळहात. त्यानंतर दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. हजारभर किलोची गाडी, मी, बायको, दोन मुलं, सासूबाई, शिवाय तांदळाचं पोतं, आणि हे सगळं कार्लेखिंडीच्या उतारावर चार तळहातांवर. त्यातले दोन गोटा.

आपल्याकडे समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना ही चिंता शिवत नाही. त्यांचे टायर पाहावेत तर काय ते रुंद, काय ती नक्षी! काशीदला, नागावला ओहोटी पाहून ती धिप्पाड गाडी थेट रेतीत उतरते, फोटोसाठी एक गिरकी मारते आणि तिथेच बसकण मारते. जितकं चाक फिरवावं तितकं ते स्वतःची कबर खणतं. मग भरतीचं पाणी यायला लागतं, गाडीवाला ओरडायला लागतो आणि ट्रॅक्टरवाला दोर घेऊन नारळाच्या झाडाखाली शांत उभा राहतो. त्या क्षणी दोराचा भाव टायरच्या वर गेलेला असतो. अलिबागहून कोण आलंय आणि अलिबागला कोण आलंय, याचा एवढा स्वच्छ निकाल दुसरीकडे कुठे लागत नाही.

एक जूनला पगार जमा झाला. आम्ही आगोट आणि टायर एकाच खेपेत उरकायला पनवेल गाठलं. आधी बाजार. तांदूळ, मिरची, कडधान्यं डिकीत भरली. मग टायरचं दुकान.

काचेचा दरवाजा, आत वातानुकूलन, भिंतभर टायर मखरात बसवल्यासारखे. मालकांनी बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बजेट किती?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नाही एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "बघू, चांगलं असेल तर." ते मंद हसले. माझ्या चपलांकडे बघून त्यांना आकडा कळला असावा.

त्यांनी तीन टायर काढले. पहिला परदेशी नावाचा, ज्याची किंमत ऐकून बायकोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. दुसरा त्याहून कमी. तिसरा कोपऱ्यातला, "अगदीच असलाच हवा असेल तर" असं न बोलता दाखवलेला. ही मांडणी साड्यांच्या दुकानातही अशीच असते, आणि माणूस मधलं घेऊन शहाणपणा केल्याच्या समाधानात बाहेर पडतो. मग कंपन्यांची वंशावळ सुरू झाली. मीही काही वाचून गेलो होतो. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी, १९४६ साली मद्रासजवळ एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनवण्यापासून सुरू झालेली. आमच्या पिढीला मात्र सचिनच्या बॅटमुळे ती क्रिकेटच्या सामानाची कंपनी वाटायची. सिएट या नावातला 'ट' म्हणजे इटलीतलं तुरिन शहर. १९२४ साली ती तिथे सुरू झाली. मालकांनी हे सगळं कौतुकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, शाळेत आहात का?"

हुशारी दाखवून भाव कमी होत नाही, हे मला तिथे समजलं.

"तुमच्यासाठी एक ऑफरमधला आहे," ते म्हणाले. "चांगल्या कंपनीचा, हाच साइज. टायरमागे सातशे कमी." दुकानातल्या मुलाने आतून टायर आणला. काळाभोर, खाचा खोल, रबराचे बारीक केस अजून अंगावर. मला तो आवडला. मी हो म्हणणार, इतक्यात बायकोने पदर खोचला.

"ताजा आहे का?"

मालक हसले. "ताई, टायर आहे. मासळी नाही."

"मग कल्ला दाखवा."

मला घाम फुटला, कारण ही माहिती तिला येताना गाडीत मीच दिली होती आणि दुकानात विचारायला मीच लाजलो होतो. टायरच्या बगलेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होत जातं, म्हणून जन्मतारीख बघायची. गंमत अशी की पूर्ण तारीख बहुधा टायरच्या एकाच बाजूला छापलेली असते, आणि ती बाजू नेहमी भिंतीकडे असते. आमच्या बाजारात पापलेटही अशीच मांडतात.

मुलाने टायर उलटा केला. बायकोने चष्मा लावून वाचलं. "०९२१."

"म्हणजे २०२१चा नववा आठवडा," मी म्हणालो. इथे तरी गणिताला काम मिळालं.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षांचा सुका बोंबीलसुद्धा आम्ही घेत नाही."

मालकांनी सांगितलं की सावलीत नीट ठेवलेला टायर चार वर्षांत खराब होत नाही. ते खोटं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण ताजा आणि शिळा एकाच भावाच्या आसपास विकणं हे कुठल्याही कोळणीला मान्य होणार नाही आणि माझ्या बायकोलाही झालं नाही. ती शांतपणे म्हणाली, "शिळा असेल तर शिळ्याचा भाव लावा. नाहीतर ताजा काढा."

"कुठून आलात तुम्ही?" मालकांनी विचारलं.

"अलिबागहून," ती म्हणाली. इतक्या ठसक्यात हा शब्द उच्चारलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. आतून ०८२५ आला, २०२५च्या आठव्या आठवड्यातला. जेमतेम तीन महिन्यांचं बाळ. एका टायरला चार हजार सहाशे, दोनांचे नऊ हजार दोनशे, कर धरून. तिसऱ्या, कोपऱ्यातल्या टायरकडे तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

मग माझी पाळी आली. मुलं जॅक लावून नवे टायर पुढे बसवायला लागली. मी म्हटलं, "मागे लावा. मागचे अर्धे झिजलेले पुढे आणा."

"सर, सगळे पुढेच लावतात. पुढची चाकंच गाडी ओढतात."

ओढतात, म्हणून तीच आधी झिजतात, हेही खरं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते. पायाखालचा जोर कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी भिंगरीसारखी फिरते आणि माझ्यासारख्या माणसाला देव आठवण्याइतकीही सवड मिळत नाही. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे, असं टायरवाले तज्ज्ञच सांगतात. मी खडूच्या जागी स्टीलचा पाना घेऊन जमिनीच्या धुळीत आकृती काढली. तिन्ही मुलं वाकून बघत होती. एकाने शेवटी दुसऱ्याला हळूच विचारलं, "हे परत येणारेत का?" टायर मागे बसले.

"नायट्रोजन भरू? चाकामागे पन्नास."

"साध्या हवेत किती नायट्रोजन असतो?"

कुणी बोललं नाही. माझ्या वर्गातही असंच होतं. "अठ्ठ्याहत्तर टक्के," मी म्हणालो. "तो फुकट भरा. उरलेल्या बावीस टक्क्यांचे दोनशे रुपये माझ्याकडे नाहीत." बॅलन्सिंगचे आणि अलाइनमेंटचे मात्र मुकाट दिले. तिथे कंजूषपणा केला तर नवा टायर एका कडेने खात सुटतो, आणि मग बोंबलाची दुसरी जुडीही जाते.

"स्टेपनीची हवा बघू?"

स्टेपनी डिकीच्या तळाशी. तिच्यावर तांदळाचं पोतं, मिरची, कडधान्यं, सासूबाईंची नवी पितळी परात. हे सगळं दुकानाच्या चकचकीत फरशीवर उतरवलं तेव्हा मालकांच्या तोंडावरचं वातानुकूलित हसू पहिल्यांदा गेलं. स्टेपनी हा शब्द मला फार आवडतो. मोटारी नवीन होत्या तेव्हा जादा चाक मिळतच नसे. १९०४च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर तात्पुरती अडकवायची, आऱ्यांशिवायची एक रिम काढली. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं तो स्टेपनी स्ट्रीट. इंग्रज हा शब्द विसरून गेले. आपण तो एसटीच्या ड्रायव्हरपासून आमदाराच्या मागे फिरणाऱ्या कार्यकर्त्यापर्यंत सगळ्यांना लावला.

माझी स्टेपनी बाहेर आली. नक्षी कोरी, केस शाबूत, जणू कालच लग्न ठरलंय. मुलाने बोटाने बगल दाबली तर बारीक भेगा उघडल्या. आकडे वाचले: ३३१२. गाडीबरोबर आलेली, तेरा वर्षं अंधारात तांदळाखाली वाट बघत बसलेली. तिच्या भरवशावर मी दर आठवड्याला साळावचा पूल ओलांडत होतो. बायको म्हणाली, "हवा भरा आणि परत झाका. यंदा नाही." पोतं पुन्हा वर गेलं.

निघताना मालकांनी जुन्या दोन टायरांचे शंभर-शंभर देऊ केले. बायको म्हणाली, आम्ही घेऊन जाऊ. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. पण आगोटीच्या दिवसांत घरातून बाहेर काही जाऊ देत नाहीत. टायर मागच्या सीटवर, मी आणि परात पुढे, ती मागे टायरांना टेकून. असे आम्ही भर पावसात परत आलो. कार्लेखिंडीत गाडी रस्त्याला चिकटून चालली. तिला ते जाणवलं नाही, कारण ती झोपली होती. यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र टायरला मिळत नसावं.

घरी मी ते दोन गोटे परसात ठेवले. दोन दिवसांत त्यांत पाणी साठलं, चौथ्या दिवशी डास झाले, पाचव्या दिवशी बायको काही बोलायच्या आत नाखवा कुंपणावरून डोकावला. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होडी किनाऱ्यावर चढवलेली, नाखव्याला बोलायला वेळच वेळ. त्याने विचारलं, मी दिले. त्याने टायरना भोकं पाडून दोर ओवला आणि होडीच्या डाव्या अंगाला टांगले. धक्क्याला लागताना लाकूड घासू नये म्हणून. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली तेव्हा नारळ आणि पताका होत्या, आणि डाव्या बाजूला माझं १६५/८० आर १४ व्यवस्थित वाचता येत होतं. आता त्यांना अलाइनमेंट नको, बॅलन्सिंग नको. ताशी १९०ची अट तर आधीही नव्हती.

मग सप्टेंबर उजाडला. २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. मी बातमी वाचली, कॅल्क्युलेटर घेतला आणि अंगणात बसून हिशेब मांडला. नऊ हजार दोनशेतून जुना कर काढला, नवा घातला. ७१९ रुपये. साडेतीन महिने थांबलो असतो तर ७१९ रुपये वाचले असते. अर्थात थांबलो असतो तर मीही बहुधा वाचलो नसतो, पण हिशेबाच्या वहीत तो रकाना नसतो. बायकोला सांगावं की नको या विचारात होतो, तेवढ्यात नाखवा जाळं खांद्यावर टाकून समोरून गेला आणि माझं तोंड पाहून थांबला. मी त्याला सगळं सांगितलं, करासकट.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग समुद्राकडे, आपल्या होडीच्या दिशेने पाहिलं.

"मंग आता सस्ते झाले ना, मास्तर? ते बाकीचे दोन कवा काढनार? होरीची उजवी बाजू मोकलीच हाय."